हिरवी चौकट

तो हिरवा रंग मयुरानं स्वतः निवडला होता. त्यासाठी एक अख्खी दुपार गेली होती. वर्गमैत्रीण रितिका शेजारी बसून पोपटाचा हिरवा, मोसंबीचा हिरवा, शाळेच्या दाराचा हिरवा असे सगळे हिरवे एकामागून एक नापास करत होती आणि शेवटी मयुराच म्हणाली होती की कोवळा हरभरा सोलला की आत जो असतो ना, तो, खावासा वाटणारा, तो पाहिजे. तोच हिरवा आत्ता, मनीषनगरच्या उड्डाणपुलाखाली सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून ती उभी असताना, तिच्या फोनवर पसरला. चौकट लाल होती ती हिरवी झाली. चौकटीतला पुष्पलताबाईंचा फोटो तोच राहिला, एका लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतलेला, खांद्यावर दुसऱ्याच कोणाच्या तरी बांगड्या भरलेला हात. फक्त खाली ‘हरवल्या आहेत’ होतं तिथं ‘सापडल्या आहेत’ आलं. आणि त्या क्षणी मयुराला बरं वाटलं. हे तिला पुढं किती तरी वेळा आठवणार होतं, पण वाटलं ते वाटलं. आपण केलेली वस्तू बिनचूक चालताना पाहून जसं वाटतं तसं, कुलपात किल्ली फिरल्यासारखं. तिच्या डोक्यावरून पुलावरच्या गाड्या धडधडत जात होत्या, समोरच्या गाड्यावर मृगाच्या संत्र्यांचा ढीग होता, तो माणूस हातानं एकेक संत्रं पुसून पुन्हा ढिगावर ठेवत होता. पुष्पलताबाई सापडल्या नव्हत्या.

त्याआधी प्रीतमदादाचा फोन आला होता, आत्ताच, पुलाखाली शिरताना. प्रीतमदादा म्हणजे पुष्पलताबाईंचा मुलगा, राहायला नंदनवनात, कामाला बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात. त्याचा फोन आला की मागं यंत्रांचा एकसारखा आवाज असायचा, आज तो नव्हता. आज तो कुठंतरी अगदी शांत जागी उभा राहून बोलत होता, आणि त्या शांततेचीच तिला आधी भीती वाटली. ‘बेटा, तो फोटोचा डब्बा बंद करून टाक आता माह्या आईचा.’ ती म्हणाली, ‘काहून दादा?’ तो म्हणाला, ‘काल गोंदियाले जाऊन आलो. त्याच्या आधी आर्वीले. फोन येते, पांढऱ्या साडीतली बाई स्टेशनावर बसून आहे, तुमच्या फोटोसारखी दिसून राहिली. मी जातो. बाई असते. कोणाची तरी आई असतेच ना बेटा ते. आपली नसते. मंग तिले तिथीच ठेवून यावं लागते. जाणं होते. ठेवून येणं होत नाही आता.’ मयुराच्या तोंडून पटकन निघालं, ‘आत्ता करते दादा, लगेच.’ किराणा दुकानदार म्हणतो तसं. तिला लगेच करण्याचा फार सोस. कोणी काही सांगितलं आणि तिनं उद्यावर टाकलं असं झालं नव्हतं. वर्गात सगळ्यांच्या आधी हात तिचा वर, मंडळात सगळ्यांच्या आधी उत्तर तिचं. घर पुलाच्या पलीकडंच होतं. घरी लॅपटॉपवर बसून ती पुष्पलताबाईंची सगळी नोंद हातानं काढून टाकू शकत होती, गुपचूप, कोणाला न कळता. पण दादाचा आवाज कानात ओला होता, आणि फोनवर तिला दोनच बटणं दिसत होती. ‘हरवले’ आणि ‘सापडले’. चौकट बंद व्हायची तर ‘सापडले’ दाबायचं. तिनंच तसं केलं होतं. तिनं दाबलं.

त्या चौकटीचं नाव तिनं ‘माईक’ ठेवलं होतं. विजेट म्हणायला तिला आवडायचं नाही, त्यात काही कळतच नाही म्हणायची, ब्लॉगच्या कडेला लावायची आपली एक चौकट आहे ती. पण माईक म्हटलं की ते सगळं आठवायचं. दीक्षाभूमीच्या बाहेरचा तो मांडव, त्यातलं टेबल, टेबलाशी बसलेली कौशल्याआत्या, आणि आत्याच्या हातातला निळा रुमाल बांधलेला माईक. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कौशल्याआत्या दरवर्षी हरवले-सापडलेच्या मांडवात बसायची. एरवी आत्याचा आवाज फाटका, भाजीवालीशी भांडायलाही न पुरणारा. माईक हातात आला की एकदा खाकरायची आणि मग वेगळीच बाई बोलू लागायची. ‘नांदेडहून आलेले सखाराम, उंची मध्यम, तुमची मंडळी मांडवात वाट पाहून राहिली.’ मयुराही एकदा हरवली होती. चार-पाच वर्षांची असेल. बाबांच्या बोटातून बोट निसटलं आणि एकाएकी सगळीकडं पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पांढरी धोतरं, वर फक्त निळे झेंडे. तिला रडू आलं नव्हतं, इतकं सगळं पांढरं होतं की रडायचं विसरूनच गेली होती. कुठं पाहायचं तेच कळेना. आणि मग वरून, आभाळातूनच, आवाज आला: ‘मयुरा नावाची पोट्टी, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या.’ अख्ख्या जगात तिचं नाव घुमलं. तिनं खाली आपल्या फ्रॉककडं पाहिलं, पिवळा होता. वेण्या चाचपल्या, दोन होत्या. त्यानंतर बाबा आले, कडेवर घेतलं, हे तिला आठवत नाही, ते आईनं सांगितलेलं. तिच्या लेखी ती सापडली ते नाव घुमलं तेव्हाच. माईकमध्ये नाव घेतलं की माणूस सापडतो, हे तिला दोन अधिक दोन चार कळायच्या आधी कळलं होतं.

म्हणून तर गेल्या दसऱ्याला, आत्याच्या शेजारी बसून लोकांची नावं लिहून घेताना, तिला ते सुचलं. आत्याचा आवाज चौकापर्यंत पोचतो, मग संपतो. माणूस चौकाच्या पलीकडं गेला तर? घरी येऊन ती भिडली. दिवाळीच्या सुट्टीत लाडू-चकल्या सोडून तिनं ते करून टाकलं: एक चौकट, तीत फोटो, नाव, अंगावर काय होतं, शेवटचं कुठं दिसले, फोन नंबर. कोणीही आपल्या ब्लॉगवर एक ओळ चिकटवायची की झालं. मांडवातलं नाव तिकडं दिसू लागतं, आणि फेसबुकच्या पेजवर तीच चौकट आपोआप जाऊन बसते. मग ती वाटायला निघाली. त्या दिवसांत तिला कोणाचंही दार वाजवायची लाज वाटेनाशी झाली होती, आणि हे तिचं तिलाच नवल होतं, कारण वर्षभरापूर्वी अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तिचे कान लाल व्हायचे. ‘काका, फक्त एक ओळ. तुमचं काही जात नाही.’ विहाराच्या ब्लॉगवर लागलं, महिला मंडळाच्या पेजवर लागलं, बुटीबोरीच्या कामगारांच्या ब्लॉगवर, संत्राबागवाल्यांच्या पेजवर, पवनीपासून चंद्रपूरपर्यंतच्या गावांच्या पेजांवर. शेजारच्या इमारतीतल्या एका काकू कोथिंबिरीची सांबारवडी, पाटोडी रस्सा असल्या पाककृती लिहायच्या, त्यांनीही लावलं. म्हणाल्या, ‘येतील वं बाया वाचायले, पाह्यतीन.’ रितिका चिडवायची, ‘माहा कंपास हरवला, टाक ना तुह्या माईकवर. उंची मध्यम, रंग निळा.’ आणि खरंच, एकेक सापडत गेले. मांडवातले बहुतेक तर संध्याकाळपर्यंतच सापडले होते. कळमन्याहून भटकलेले एक आजोबा चौकटीमुळं सापडले. एक मुकी मुलगी सापडली. प्रत्येक वेळी हिरवं. हिरवी झालेली चौकट लगेच नाहीशी होऊ नये, आठवडाभर राहावी, आनंद सगळ्यांनी पाहावा, असं तिनं मुद्दाम ठेवलं होतं. लोक खाली ‘साधू साधू साधू’ लिहायचे. तिसरं एखादं बटण लागेल हे तिच्या मनात आलं नाही. कसं येणार? आत्याच म्हणायची, ‘आपल्या इथं माणूस हरवत नाही वं. थोडा इकडं-तिकडं होते.’

पुष्पलताबाई इकडं-तिकडं झाल्या त्याच दसऱ्याला. मयुरानं त्यांना पाहिलंच नव्हतं. तिनं पाहिलं होतं प्रीतमदादाला, टेबलापाशी घामेजून उभा. आत्यानं विचारलं, ‘अंगावर काय होतं?’ तो म्हणाला, ‘पांढरी साडी. निळे काठ.’ आणि म्हणता म्हणता त्यानं मागं वळून गर्दीकडं पाहिलं. मयुरानंही पाहिलं. नजर जाईल तिथवर पांढऱ्या साड्या, निळे काठ. तो परत वळला, त्याचं तोंड उघडंच होतं, जणू आपण आपल्या आईविषयी काहीच सांगितलं नाही हे त्याला आत्ता कळलं. ‘अजून काही?’ आत्यानं मऊपणे विचारलं. तो विचार करत राहिला. ‘थोडी विसरते,’ तो म्हणाला. ‘पण नाव सांगते. नाव नाही विसरत.’ आत्यानं नाव पुकारलं. पुकारत राहिली. दिवे लागले, मांडव उतरवायला माणसं आली, बांबू सुटू लागले, तरी आत्या पुकारत होती. मयुराला तेव्हाही भीती वाटली नाही. नाव घुमलं आहे ना, ती मनाशी म्हणाली, आता येतील. पुढं तोच फोटो सांबारवडीच्या शेजारी दिसू लागला, मग पाटोडीच्या शेजारी, मग उन्हाळी वाळवणाच्या शेजारी. काकू म्हणायच्या, ‘या बाई माह्या रोजच्याच झाल्या आता. वडी बिघडली तं वाटते, ह्या पाहून राहिल्या.’

पुलाखाली फोन हातात थरथरू लागला. आधी रितिका: नाचणारं माकड, त्याखाली ‘मयू तू ग्रेट’. मग महिला मंडळ, हात जोडलेले, ‘जय भीम, फार मोठं काम केलं पोरी’. मग कोणी अनोळखी, ‘आम्ही रोज पाहत होतो, आज जेवण गोड लागलं’. मयुरानं त्यांपैकी एकालाही उत्तर दिलं नाही. तिला वाटलं, चटकन घरी जावं, नोंद काढून टाकावी, मग सगळं पुसलं जाईल, फळ्यासारखं. ती सायकल हाणत सुटली. संत्रीवाला काहीतरी ओरडला, बहुतेक तिच्या लोंबणाऱ्या दप्तराविषयी. घरी कोणी नव्हतं. बूट न काढता ती लॅपटॉपपाशी बसली आणि नोंद काढली. सगळ्या ब्लॉगांवरची ती चौकट नाहीशी झाली, एका बोटानं. पण पेजांवर गेलेल्या हिरव्या पोस्टी तिच्या हातात नव्हत्या, त्या आता लोकांच्या झाल्या होत्या, त्यांनी त्या पुढं पाठवल्या, त्यांच्याकडून त्या आणखी पुढं गेल्या. ती प्रत्येकाला लिहू लागली, ‘चूक झाली, काढून टाका’. ‘चूक’ हा शब्द लिहिला की खोडायची, पुन्हा लिहायची. कसली चूक म्हणून सांगायचं? माणूस सापडला नाही, ही चूक? तेवढ्यात आत्याचा फोन. आत्या रडत होती, हसतही होती. ‘सापडली का वं? कुठी सापडली? मले काहून नाही सांगतलं पोरी, मी इतके दिवस स्वतःलेच बोलून राहिली होती, की कौशल्ये, तुहाच आवाज कमी पडला.’ आत्या असं स्वतःला बोलत होती हे मयुराला आत्ता कळलं. आत्या म्हणाली, ‘लेकरा? आहेस का?’ आणि मग, कारण आत्या इतकी वर्षं लोकांच्या गप्प होण्याचा अर्थ लावत त्या टेबलाशी बसली होती, ती एकदम थांबली. ‘नाही सापडली,’ आत्याच म्हणाली. मयुरा म्हणाली, ‘नाही.’

सकाळी, रविवार होता, प्रीतमदादाचा फोन आला. ‘मावशी आली आहे पवनीवरून. मीरामावशी. आईची लहान बहीण. पहिल्या गाडीनं आली. गावच्या पेजवर हिरवं पाह्यलं म्हणते.’ त्याचा आवाज इतका खाली होता की मयुराला फोन कानात रुतवावा लागला. ‘मले सांगणं होऊन नाही राहिलं बेटा. मी म्हटलं, थांब मावशी, चहा ठेवतो. तिसऱ्यांदा चहा ठेवून राहिलो.’ आत्याच्या स्कूटीवर मागं बसून मयुरा निघाली. आत्यानं वाटेत रागावावं, असं तिला फार वाटत होतं. आत्या रागावली असती तर तिला रडता आलं असतं, रडली असती तर ती पुन्हा लहान झाली असती आणि मग कोणीतरी मोठ्यानं हे सगळं निस्तरलं असतं. आत्यानं फक्त एका सिग्नलला मागं हात आणून मयुराचा गुडघा धरला आणि हिरवा लागला तसा सोडला. हिरवा लागला, मयुराच्या मनात आलं, आणि तिला त्या दिव्याकडं बघवलं नाही. आयुष्यभर आता सिग्नलला आपण असंच खाली बघत बसणार की काय, असला काहीतरी वेडा विचार तिच्या डोक्यात आला.

मीराबाई पुढच्या खोलीत खुर्चीवर न बसता खाली, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढरी साडी, निळे काठ. फोटोतल्या बाईचेच डोळे, तीच रुंद हनुवटी. एक क्षण, एकच क्षण, मयुराला वाटलं की माईक खरंच बोलला, ह्याच त्या. घरात प्रीतमदादाशिवाय कोणी नव्हतं, त्याची बायको पोरांना घेऊन विहारात वंदनेला गेली होती. मीराबाईंच्या पुढ्यात एक कापडी पिशवी होती, उघडी. तीतून त्यांनी एकेक वस्तू काढून ओळीनं मांडून ठेवल्या होत्या: लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी, घडी केलेलं जुनं मऊ लुगडं, खोबरेल तेलाची बाटली, आणि रुमालात गुंडाळलेली लाकडी फणी. ‘तूच का वं ते माईकवाली?’ त्या म्हणाल्या. ‘लहानशीच हायेस.’ त्यांनी मयुराला हाताला धरून खाली बसवलं, तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांशी बोटं कडाकडा मोडली. ‘तुह्यामुळं भेटली माही बहीण. आता हे पाह्य, इतक्या दिवसांचे केस असतीन तिचे, गुंता झाला असन. कोणी विंचरून थोडीच दिले असतीन. लहानपणी मी तिचे विंचरो, ते माहे विंचरे. ते लय ओढे बाई. मी नाही ओढत.’ मग आतल्या दाराकडं मान करून म्हणाल्या, ‘आंघोळ करून राहिली का? कवाची बसली मी. हा प्रीतम तं चहाच पाजून राहिला.’

प्रीतमदादा दाराच्या चौकटीला धरून उभा होता, हातात कपबशी. आत्या उंबऱ्यातच थांबली होती. लाखो माणसांच्या डोक्यावरून जिचा आवाज जायचा ती आत्या आत्ता साध्या खोलीभर बोलू शकत नव्हती. मयुराच्या लक्षात आलं की बोलायचं आपल्यालाच आहे. वर्गात हात वर करायची ती मुलगी कुठं गेली, असं तिनं स्वतःला विचारलं. ती तिथंच होती, पण तिचा हात खूप जड झाला होता.

‘मावशी, त्या आत नाहीत.’

‘मंग? दवाखान्यात हाय? लय लागलं का तिले?’

‘नाही मावशी. त्या सापडल्या नाहीत.’

मीराबाई तिच्याकडं बघत राहिल्या. ‘हिरवं झालं होतं ना?’

‘ते मी केलं.’

‘काहून?’

हा प्रश्न त्यांनी रागानं विचारला नव्हता. लहान मूल विचारतं तसा विचारला होता, खरंच माहीत नाही म्हणून. मयुरा सांगू लागली, चौकट बंद करायची होती, फोनवर दोनच बटणं होती, एक हरवले आणि एक सापडले, मधलं काही नव्हतं, मी ठेवलंच नव्हतं. आणि सांगताना तिचे शब्द तिलाच चपट्या दगडांसारखे वाटले, एकावर एक रचले तरी त्यांचं काही घर होईना. मीराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. फणी उचलली, रुमालातून काढली, तिच्या दातांत अडकलेला स्वतःचा एक पांढरा केस ओढून काढला, बोटाला गुंडाळला. ‘हरवली तं हरवली राहू द्यायची होती,’ त्या म्हणाल्या. ‘हरवलेलीले हरवली म्हणायले काय लागते?’ मग त्यांनी प्रीतमकडं मान वर केली. ‘तूनं सांगतलं बंद करायले?’

‘हाव.’

‘थकला?’

प्रीतमदादानं कपबशी खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, ती तशीच धरून राहिला. ‘हाव मावशी.’

‘थकत असते माणूस,’ मीराबाई म्हणाल्या. ‘त्यात काय चोरी हाय.’ बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. पुष्पलताबाई कधी तरी याच खोलीत बसून शेजारचा कुकर ऐकत असतील, मयुराच्या मनात आलं, आणि प्रथमच, इतक्या दिवसांत प्रथमच, तिला ती बाई फोटोच्या बाहेर दिसली: चालताना, दमून कुठंतरी टेकताना, कोणी विचारलं तर आपलं नाव सांगताना. नाव विसरत नाहीत त्या. कोणी विचारलंच नसेल. आभाळातून नाव घुमतं आणि बाबा येऊन कडेवर घेतात, त्यात आभाळाचं काहीच नव्हतं, बाबा शोधत होते म्हणून बाबा आले होते. एवढी साधी गोष्ट. ती तिला आत्ता कळली.

‘मी नाही थकली,’ मीराबाई म्हणाल्या. ‘माहा नंबर टाक तिथी.’

‘मावशी, तुले होणार हाय का आता स्टेशनं-स्टेशनं फिरणं,’ प्रीतमदादा म्हणाला.

‘काहून नाही होत? एसटीत बायकांले अर्धं तिकीट हाय. घरी बसून काय अंडे देऊ?’ आत्याच्या तोंडून हुंदका की हसू असं काहीतरी निसटलं. मीराबाई तेलाची बाटली पिशवीत ठेवू लागल्या. ‘तू जाये तं तुले बायको पाह्यजे, पोरं पाह्यजे, ड्यूटी पाह्यजे. मले काय? मी बसीन तिच्यापाशी. जे बाई भेटन ते. माही नसन तं नसन. केस तं विंचरून देईन ना तिचे.’

मयुरानं फोन काढला. जुनी नोंद तिनंच पुसली होती, तेव्हा सगळं नव्यानं भरावं लागलं. फोटो आत्याच्या फोनमधून घेतला, तोच, बांगड्यांचा हात खांद्यावर असलेला. मीराबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ‘हा हात माहा हाय,’ त्या म्हणाल्या. मयुरानं नाव भरलं. अंगावर काय होतं याच्यापुढं तिनं ‘पांढरी साडी, निळे काठ’ लिहिलं, आणि थांबली, आणि मीराबाईंना विचारलं, अजून काही? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘डाव्या कानाची पाळी फाटलेली हाय. लहानपणी कानातलं ओढलं होतं मी. अन् हसताना तोंडावर हात धरते. अन् बसली की पायाचा अंगठा हालवत राहते, एकच, उजवा.’ प्रीतमदादा दारातून म्हणाला, ‘हाव. हालवते.’ आणि त्यानं तोंड फिरवलं. मयुरा लिहीत गेली. चौकट लहान होती, त्यात एवढं मावेना, तिनं चौकट मोठी केली. शेवटी मीराबाईंचा नंबर. मीराबाईंनी बोट लावून लावून अक्षरं वाचली, सावकाश, शाळेत वाचतात तशी मोठ्यानं, आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘कधीपासून’ याच्यापुढं तारीख आपोआप येऊन बसली होती. नवी नोंद केली की ती आजचीच येते. मांडवात माणूस हरवतो त्याच दिवशी नोंद होते, म्हणून तिनंच तसं केलं होतं.

‘आज,’ मीराबाईंनी वाचलं.

‘ते चुकलं मावशी, बदलते. दसरा टाकते.’

‘थांब.’ त्यांनी तिचा अंगठा धरला, घट्ट नाही, नुसता. ‘राहू दे. काल सांजेपासून सापडली होती ते मले. रातभर सापडली होती. गाडीत सगळ्या वाटेनं सापडली होती, मी खिडकीजवळची जागा तिच्यासाठी ठेवली होती, की वापस जाताना असं बसू.’ त्यांनी फणी पुन्हा रुमालात गुंडाळली. ‘आजच हरवली ते माही. बरोबर हाय ते.’

मयुरानं लाल बटण दाबलं. चौकट लाल झाली, आणि त्याच क्षणी ती विहाराच्या ब्लॉगवर, संत्राबागेच्या पेजवर, पवनीच्या पेजवर, सांबारवडीच्या शेजारी लाल झाली असणार. फोन हातात गप्प राहिला. कोणाचाही निरोप आला नाही. उंबऱ्याशी उभ्या कौशल्याआत्यानं एकदा खाकरून घसा साफ केला, माईक हातात घेताना करायची तसा.